दिवाळी कुणाच्या हातची?

दिवाळीत घरी किती पदार्थ करायचे आणि कुणाला काय द्यायचं, यावरून आमच्या घरात यंदा दोन तट पडले. एका बाजूला माझी नणंद. ठाण्यात वाढली, लग्न होऊन कुडाळजवळच्या गावात गेली आणि तिथलीच झाली. दुसऱ्या बाजूला माझी मुलगी, म्हणजे तिची भाची. रोज लोकल पकडून मुंबईत नोकरीला जाणारी. ऐकणाऱ्याला वाटेल, वयाने मोठी ती साग्रसंगीत फराळाच्या बाजूची असणार आणि नोकरीवाली ‘सगळं विकत आणू’ म्हणणार. इथे नेमकं उलट आहे. घरी नऊ जिन्नस व्हायलाच हवेत, असं भाचीचं म्हणणं. आत्या म्हणते, पहिल्या दिवशी पोहे करा, दिवे लावा आणि माणसांत येऊन बसा.

दोघींचं बोलणं जसं झालं तसं देते आहे. मध्ये मी बोलले आहे, कारण स्वयंपाकघर माझंही आहे आणि या विषयात मला ठाम मत आहे.

भाची : आत्या, यादी वाचते. चकली, कडबोळी, शेव, चिवडा, शंकरपाळे, बेसनाचे लाडू, रव्याचे लाडू, करंज्या, अनारसे. यातलं एकही विकतचं नको.

आत्या : आणि हे करणार कधी? ऑफिसातून आल्यावर?

भाची : शनिवार-रविवार आहेत, रात्री आहेत. आजी करायचीच की सगळं.

आत्या : आजी कसं करायची ते मी बघितलंय, तू नाही. नरक चतुर्दशीला ती सगळ्यांच्या आधी उठायची, बंब पेटवायची, एकेकाला तेल-उटणं लावून न्हाऊ घालायची. आधी तुझे आजोबा, मग आम्ही भावंडं, मग घरात आलेले पाहुणे. तिची स्वतःची अंघोळ व्हायची तेव्हा उन्हं अंगणात आलेली असायची. आणि ‘सूर्य उगवायच्या आत जो न्हात नाही तो नरकात जातो’ हे आम्हाला तीच सांगायची. आम्ही हसत ऐकायचो. तिच्या अंघोळीचं काय, हा प्रश्न एकानेही विचारला नाही.

भाची : तो अन्याय मला मान्य आहे. पण तो चकलीने केला नाही, घरातल्या माणसांनी केला. काम वाटून घ्या, चकली कशाला सोडता? आमच्याकडे सोऱ्या बाबा फिरवतात. दादा कातण घेऊन बसतो.

आत्या : वाटून घेतलं तरी नऊ जिन्नसांना वेळ लागतोच. मला सांग, आमच्या लहानपणी चकली वर्षातून एकदाच का व्हायची? तेल जपून वापरायचं, साखर रेशनवर. कढईभर तळण म्हणजे चैन होती. ती चैन वर्षातून एकदा, सगळ्यांनी मिळून, शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊन करायची, म्हणून ती दिवाळी. आज तुझ्या डब्यात मंगळवारी चकली असते आणि गुरुवारी चिवडा. ज्याचा तुटवडा असतो त्यानेच सण होतो.

भाची : मग आज कशाचा तुटवडा आहे?

आत्या : तुझा. वर्षभर तू घरात दिसत नाहीस, आणि चार दिवस घरात असशील तर ओट्याकडे तोंड करून उभी.

भाची : ओट्यापाशी मी एकटी नसते ना पण! बाबा आणि दादा एरवी कामापुरतं बोलतात, तुला ठाऊक आहे. करंज्या भरायला बसले आणि दोघांच्या तोंडाला खीळ नाही. दादाला नोकरी बदलायची आहे, हे घरात पहिल्यांदा करंजीच्या पाटावर कळलं. समोरासमोर सोफ्यावर बसवून ‘बोला’ म्हटलं असतं तर बोलले असते का? बाबांनी सारण इतकं कमी भरलं होतं की निम्म्या करंज्या खुळखुळे झाल्या, पण तो भाग वेगळा. हाताला काम असलं की आमच्या घरात माणसं बोलतात.

आत्या : मग करंज्या करा. मी करंज्यांच्या विरुद्ध नाही, यादीच्या विरुद्ध आहे. नऊ कशासाठी? कुणी मागितले नऊ? सणाने तुझ्याकडे काय मागितलंय ते तरी बघ. वसुबारसेला गाईचं दूध-तूप आपण खात नाही, वासरासाठी राखतो. उपास सोडायला बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. धनत्रयोदशीला नैवेद्य काय, तर धणे आणि गूळ. लक्ष्मीपूजनाला लाह्या-बत्तासे, आणि पूजा कुणाची, तर नव्या केरसुणीचीही. शेतात जे आलं आणि घरात जे लागतं, तेच पाटावर. ताटभर तळण कुठल्या पूजेत सांगितलंय?

दिवाळीचे हे पदार्थ मलाही आयुष्यभर माहीत आहेत, पण असे एका ओळीत मांडलेले मी पहिल्यांदा ऐकले. बाजरी, गवार, धणे, गूळ, लाह्या. नणंदेच्या बोलण्यातला हा भाग मला सगळ्यात भक्कम वाटतो. साधेपणा दिवाळीत नव्याने आणायचा नाही, तो तिच्यात आहेच. आपण त्याच्यावर डबे रचले.

भाची : नैवेद्य साधाच असतो, आत्या. पण दिवाळी नुसत्या नैवेद्याची नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याची आहे. दारात माणूस आलं तर पुढे काय धणे-गूळ ठेवू?

आत्या : पोहे ठेव. आमच्याकडे नरक चतुर्दशीला चावदिस म्हणतात. पहाटे न्हाऊन झालं की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, ‘गोविंदा’ म्हणून मोठ्याने ओरडायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा. मग पोहे. हळवं भात तोवर कापून घरात आलेलं असतं. ते भिजवायचं, भाजायचं. पूर्वी उखळात कांडायचे, आता गिरणीवर नेतात. जाडसर, लालसर पोहे, तांदळाचा वास असलेले. त्याचेच प्रकार करायचे : गूळ-खोबऱ्याचे, नारळाच्या रसातले, दह्या-ताकातले, फोडणी घालून बटाट्याचे. बरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं. एवढंच. आणि मग वाडीतल्या घराघरांत जायचं. प्रत्येक घरी बसायचं आणि चमचाभर का होईना, खायचं. ‘आमच्याकडे झाले’ असं म्हणून चालत नाही. गोव्यातही हेच. तिथे फोव म्हणतात. रात्रभर नरकासुर मिरवून पहाटे जाळला की पोरं डोळे चोळत घरी येतात ती फोव खायलाच.

भाची : ऐकायला सुरेख आहे. पण एवढ्या प्रकारांना नारळ किती लागतात? आणि खवतं कोण?

आत्या : तुझे काका खवतात. मी गूळ चिरते, सून फोडण्या घालते. उजाडायच्या आत आम्ही सगळे स्वयंपाकघरातून बाहेर असतो. दिवसभर परत शिरायचं कारण नसतं. दुपारी वरण-भात आणि उरलेले पोहे. तुझ्या आजीच्या दिवाळीत आणि माझ्या दिवाळीत फरक विचारशील तर हाच. माझी अंघोळ सूर्योदयाआधी होते.

भाची : ते तुझ्या गावात, जिथे नवं भात दाराशी येतं. माझ्याकडे दुकानातले पोहे पिशवीतून येतात. त्यांच्यात सणाचं काय? त्याउलट अनारसा बघ. तीन दिवस तांदूळ भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग उपसून कपड्यावर सावलीत पसरायचे. पुरे वाळू द्यायचे नाहीत, हाताला दमट लागायला हवेत. दळून, चाळून, त्यात गूळ आणि जरासं तूप मिसळून गोळा करायचा आणि तो मुरत ठेवायचा. मग खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा. उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहायचं. आणि इतकं करून तो हसतो. कढईत फुटून पसरतो. का हसला ते पुस्तकात मिळत नाही. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० पासून घराघरांत आहे, आपल्याही फळीवर आहे. प्रमाण तिच्यातून कळतं. पीठ आज तळायचं की उद्यापर्यंत थांबायचं, हे मात्र बोटांना कळावं लागतं. आजीच्या बोटांना कळायचं. आईच्या थोडं कळतं. माझ्या बोटांना कळलं नाही, तर हे आपल्या घरात संपलं. तुझ्या साधेपणात या गोष्टीला जागा कुठे आहे?

यावर आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मीही. मुलीने अनारशाचं नाव घेतलं, पण असं जाणारं बरंच आहे. घरच्या स्वयंपाकाला ‘कटकट’ म्हणून बाजूला सारणं सोपं असतं. पण पिढ्यांच्या हातांनी साठवलेलं ते ज्ञान आहे, आणि ते फक्त करूनच पुढे जातं. सणाने वर्षातून एकदा ते करायला भाग पाडलं, म्हणून तर ते इथवर आलं.

आत्या : अनारसे ठेव. शिकायचंच असेल तर एक पदार्थ धर आणि नीट शीक. नऊ पदार्थ घाईत करून एकही शिकून होत नाही. बाकीचं विकत घे, बचत गटाच्या बायकांकडून.

भाची : इथे मला तुझं अजिबात पटत नाही. आपल्या घरातली बाई कढईपासून सुटावी म्हणून दुसऱ्या घरातली बाई कढईपाशी बसवायची? तिची दिवाळी कुठे गेली?

आत्या : तिला पैसे मिळतात.

भाची : पैसे मिळाले की धूर लागत नाही?

आत्या : लागतो. पण तो धूर आजीलाही लागत होता, आणि तिच्या हातात संध्याकाळी काहीही पडत नव्हतं. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं पुढे लिज्जत झालं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांसाठी. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या त्या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असायच्या. त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. रांधण्यात फरक काही नव्हता. घरात केलं तर कुणी मोजलं नाही, बाहेर केलं तर मोजलं गेलं. तुला तिच्या दिवाळीची काळजी असेल तर ती वेगळ्या तऱ्हेने कर. ऑर्डर आधी दे, चांगली पंधरा दिवस आधी. पैसे सगळे आगाऊ दे. त्याच पैशातून ती बेसन आणि तेल भरते. किलोमागे वीस रुपये कमी करायला सांगू नकोस. आणि धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ‘अजून दोन किलो चकली पाठवा ना’ असा फोन करू नकोस. तिलाही घरी दिवा लावायचा असतो.

या मुद्द्यावर मी पूर्ण आत्याच्या बाजूची आहे. घरगुती फराळ विकणाऱ्या बायकांशी घासाघीस करणारी माणसं मॉलमध्ये छापील किमतीला एक शब्द बोलत नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे आणि मला त्याचा संताप येतो. लाडू वळणाऱ्या हाताला पूर्ण दाम देणं, हा सण साजरा करण्याचाच भाग आहे.

भाची : बरं, विकत घेतला. पण शेजारी काय पाठवू? विकतच्या चकल्यांचं ताट? आपल्या मजल्यावर चार घरं आहेत आणि चार घरांचा चिवडा चार चवींचा. पलीकडच्या काकू लसूण घालतात, समोरच्यांकडे तीळ आणि भरपूर डाळं, कोपऱ्यातल्या आजींच्या चिवड्यात खोबऱ्याचे काप असे लांबट की दातात धरून चावावे लागतात. ताटावर त्यांचा विणलेला रुमाल असतो, पांढरा, कडेला निळी वीण. तो रुमाल दिसला की कुणाचं ताट हे न विचारता कळतं. आणि ताट परत जाताना कधी रिकामं जात नाही. काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालतो. सगळ्यांनी एकाच दुकानातून आणायला लागल्यावर ताटं फिरवायची कशाला?

आत्या : फिरवूच नका. पाठवायचं कशाला, बोलवा की. पहिल्या दिवशी सकाळी मजल्यावरच्या चारही घरांना पोह्यांना बोलव. पोह्यांना लागतं काय? नारळ आणि बटाटे. ताट दारातून आत जातं आणि दार बंद होतं. माणूस आलं की तासभर बसतं.

भाची : तो रुमाल विणणाऱ्या आजींना ताट पाठवायला आवडतं.

आत्या : मग त्या पाठवतील. त्यांना कुणी अडवलंय?

इथून बोलणं भेटवस्तूंकडे वळलं.

भाची : या बाबतीत मात्र मी तुझ्यापेक्षा साधी आहे. सगळ्यांना पाकिटं. सारखी रक्कम. ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं. उगाच कुणाला कमी, कुणाला जास्त, यावरून रुसवेफुगवे नकोत.

आत्या : पाकिटं आणि सुक्या मेव्याचे डबे. तुझ्याकडे आलेला डबा तू दुसऱ्याला देतेस, त्याचा तिसऱ्याला जातो, भाऊबीजेपर्यंत तो सगळीकडे जाऊन येतो आणि एकही बदाम कुणी खाल्लेला नसतो. पाकिटाचंही तेच. तू त्याच्या मुलाला देतेस, तो तुझ्या मुलाला देईल. हिशेब फिटला. यात दिलं कुणी आणि घेतलं कुणी?

भाची : पाकिटाला एवढं हिणवू नकोस. आपल्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना काय देऊ? विचार करून निवडलेली फुलदाणी? त्यांना महिन्याचा पगार बोनस म्हणून हवा असतो, रोख, आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी. तरच मुलांचे कपडे वेळेत होतात. तिथे पैसा हीच सगळ्यात विचारपूर्वक दिलेली भेट आहे.

आत्या : शंभर टक्के. मी दुसरं काय म्हणते? ज्याला जे लागतं ते. त्यांना काय लागतं आणि कधी लागतं, याचा तू विचार केलास, म्हणून आठ दिवस आधी देतेस. आता आणखी एक कर. पाडव्याला आणि भाऊबीजेला त्यांना सुट्टी दे. बोनस हातात ठेवून पाडव्याच्या सकाळी भांड्यांना बोलावलंस, तर त्यांच्या घरात औक्षण कधी व्हायचं?

(ही सुट्टी आमच्याकडे यंदापासून पक्की झाली. दोन दिवस भांडी कोण घासणार, याचा तक्ता मुलाने करून फ्रिजवर लावला आहे.)

भाची : पण इतरांसाठी असा विचार करायला वेळ लागतो, आत्या. माझ्या यादीत वीसेक माणसं आहेत. वीस जणांना काय आवडतं, काय लागतं, हे शोधत बसले तर दिवाळी संपून तुळशीचं लग्न उजाडेल. आणि मनापासून दिलेली वस्तू गळ्यातही पडते. तू बाबांना आजीच्या लुगड्यांची गोधडी दिलीस. केवढी जड आहे ती! इथल्या उकाड्यात ते ती पांघरणार कधी? आणि कपाटात ठेवावी तर वाईट वाटतं.

त्या गोधडीबद्दल सांगायला हवं. सासूबाईंची दोन नऊवारी लुगडी, एक वर आणि एक खाली; मध्ये जुन्या मऊ साड्यांचे थर. कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत येत गेलेला धावदोरा, टाके तांदळाएवढे. लुगड्यांचे काठ फुकट जाऊ न देता चारी बाजूंना लावले आहेत. गावातल्या ज्या बाईकडून नणंदेने ती शिवून घेतली, तिने एका कोपऱ्यात लाल दोऱ्याने तुळस काढली आहे. कारण सासूबाईंचं नाव तुळस होतं.

आत्या : मी त्याला आधी विचारलं होतं. ‘आईची लुगडी ट्रंकेत कुजतायत, त्यांचं काय करू, तुला गोधडी हवी का?’ तो हो म्हणाला. वापरेल की ठेवून देईल, हे त्याने ठरवावं. विचारण्यात लाज कसली? भाऊबीजेला बहिणीला ‘काय घालू ओवाळणीत?’ असं विचारतातच ना? मग बाकीच्यांना का विचारू नये? आणि वीस जणांचं म्हणशील तर एकोणीस जणांना पाकीट दे, माझी तक्रार नाही. यंदा एकाला नीट दे. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला.

भाची : एकाचं ठरलंय माझं. तुझाच मुलगा. न्यू जर्सीला दरवर्षी फराळाचा डबा जातो, टपालखर्च आतल्या फराळाहून जास्त. यंदा डबा नाही, वही पाठवणार आहे. आजीची पाककृतींची वही मी उतरवून काढली. सोपं नव्हतं. आजीचं माप ‘हिरव्या काठाचा पेला’. तो पेला केव्हाच फुटला. आईला तो साधारण केवढा होता ते आठवतं, म्हणून मी तेवढं पीठ भरून वजन केलं आणि ग्रॅममध्ये लिहिलं. ‘मोहन कडकडीत’ म्हणजे किती, ‘पीठ सैलसर’ म्हणजे कसं, हे आईला करायला लावून समजून घेतलं. तो तिकडे स्वतः करू शकेल. तुझ्याच मताप्रमाणे आहे हे. एक माणूस, त्याचा विचार करून दिलेली एक वस्तू.

आत्या : वही पाठव. फार चांगलं केलंस. पण चिवडाही पाठव.

भाची : का? तिकडच्या दुकानांत चिवडा मिळतो. बचत गटाकडूनही घेता येईल.

आत्या : मिळतो, मला ठाऊक आहे. माझ्या चिवड्यातले शेंगदाणे जरा जास्त करपलेले असतात. त्याला तसेच लागतात. लहानपणी तो चिवड्यातून तेवढे वेचून खायचा आणि मी ओरडायचे.

भाची : बघ! म्हणजे तुलाही एक पदार्थ घरचाच हवा आहे.

आत्या : त्याच्यासाठी हवा आहे.

हे वाक्य आत्या सहज बोलून गेली, पण माझ्या मते वादाचा गुंता इथेच सुटायला लागला. मुलीने यादी पुन्हा पुढे ओढली आणि प्रत्येक पदार्थासमोर कुणासाठी ते लिहू लागली. चिवडा, न्यू जर्सीला. बेसनाचे लाडू तिच्या बाबांना. बेसन खमंग भाजलेलं त्यांना लागतं आणि बाजारात तितकं कुणी भाजत नाही. करंज्या, बाप-लेकांनी एकत्र बसावं म्हणून. आणि सारणात सुकं खोबरं, म्हणजे त्या टिकतीलही. अनारसे तिचे स्वतःचे, शिकायला. चकली समोरच्या घरातल्या मुलासाठी, तो ती दारातच संपवतो. पण ती आम्ही गटातल्या बाईंकडून घेणार, कारण त्यांची भाजणी माझ्यापेक्षा सरस असते. शेव, कडबोळी, शंकरपाळे, रव्याचे लाडू यांच्यासमोर नाव सुचेना. ‘असावेत म्हणून’ एवढंच कारण निघालं. ते चारही पदार्थ गळाले, आणि गळताना मुलीला वाईट वाटलं नाही, हे मी पाहिलं.

भेटींच्या यादीला हीच पद्धत लावली. तिथे मी दोन गोष्टी सुचवल्या. एक, दिवाळी अंक. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरांत फराळाबरोबर वाचायचा अंक येतो. शंभराहून अधिक वर्षं चालत आलेली अशी दिवाळीची भेट आपल्या हाताशी आहे, आणि आपण ऑफिसातल्या माणसांना मेणबत्त्यांचे संच देतो. ज्याला शिकारकथा आवडतात त्याला त्याचा अंक, ज्याला शेतीतलं वाचायचं त्याला त्याचा, लहान मुलांना त्यांचा. चाळून, निवडून, आतल्या एका लेखाच्या पानावर खूण घालून द्यावा. अंक थंडी संपेपर्यंत घरात वाचला जातो. वाचनाची फार आवड असेल त्याच्यासाठी वाचनालयाची दिवाळी अंक योजना; एकदा वर्गणी भरली की पुढचे महिने एकेक अंक घरी नेता येतो.

दुसरी गोष्ट भाऊबीज निधीची. महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेल्या संस्थेसाठी, जिथे मुली शिकतात, भाऊबीजेच्या निमित्ताने घरोघरून पैसे गोळा करण्याची चाल आहे. न पाहिलेल्या बहिणींना घातलेली ओवाळणीच ती. मुलीला हे लगेच पटलं.

भाची : मग माझं पाकीट इथे चालेल. ज्यांना कशाचीच गरज नाही, अशी पाच-सहा नावं आहेत. त्यांच्या पाकिटांची रक्कम निधीला देते आणि त्यांना तसं पत्र लिहिते.

आत्या : त्यांना विचारून. दुसऱ्याच्या ओवाळणीतून परस्पर दान करायचं नाही.

भाची : ते रुसतील.

आत्या : एखादा रुसेल. बाकीचे आपलीही भर घालतील.

यावर एकमत झालं नाही. मुलीच्या मते विचारल्यावर कुणी नाही म्हणूच शकत नाही, म्हणजे ती सक्तीच. मला तिचं म्हणणं बरोबर वाटतं. ज्याला द्यायचं त्याला पाकीट द्यावं आणि निधीला आपल्या खिशातून द्यावं. आत्या मानायला तयार नाही.

भाऊबीजेच्या जेवणावरही अजून घासाघीस चालू आहे. आत्या यंदा इथेच आहे, भावाला ओवाळायला.

आत्या : त्या दिवशी मसालेभात, टोमॅटोचं सार, कोशिंबीर. गोड म्हणून बाहेरून जिलेबी. अकरा वाजता सगळे पाटावर.

भाची : भाऊबीजेला मसालेभात? श्रीखंड-पुरी नाही? दादाला मी ओवाळणार आणि पुढे ठेवणार काय, सार?

आत्या : श्रीखंड कर, चक्का आणून ठेवला की झालं. पुऱ्यांचं सांग. दहा माणसांच्या पुऱ्या लाटायला आणि तळायला कोण उभं राहणार? तू आणि तुझी आई. ओवाळून घेणारे दोघे बाहेर नव्या कपड्यांत बसणार.

भाची : पुऱ्या हव्यातच. गरमच हव्यात.

आत्या : मग दादाला लाटायला बसव.

भाची : ज्याला ओवाळायचं त्यालाच?

आत्या : त्यालाच. आणि माझ्या भावाला कढईपाशी उभा कर. पुऱ्या झाल्या की दोघांना हात धुवून पाटावर यायला सांग, आपण ओवाळू.